आत्याच्या पायातली शिफ्ट

सारजाआत्याने 'दूध' लिहिलं आणि पडद्यावर 'धऊध' उमटलं. तिने ते पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा 'धऊध'.

एमआयडीसीतल्या डेअरीच्या ऑफिसात तिच्या खुर्चीमागे तिघं उभी होती. तिची भाची पायल, पायलचा धाकटा भाऊ भूषण आणि पिंपळीहून सायकल हाणत आलेला त्यांचा मित्र विजयसिंह. आत्याच्या डाव्या हाताची बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. मराठी कीबोर्डावर 'द'चीच कळ शिफ्टसकट दाबली की 'ध' उमटतो; एका हाताने टाइप करताना ती शिफ्टची कळ दाबून धरणार कोण? म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला असलेल्या बुद्धघोषदादाने ऑफिसच्या कीबोर्डात डाव्या शिफ्टला दोन वायरी जोडल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला दारावरच्या बेलचं बटण. ते बटण दोन फळ्यांच्या मधे बसवलं. फळीवर पाय दिला की शिफ्ट दाबली जायची. फळ्या तासल्या होत्या या तिघांनी. दिवाळीआधी सगळं झकास चाललं होतं, आणि आज नेमकी नोकरीची परीक्षा होती.

मॅनेजर होते विजयसिंहचे चुलते, जोतीरामतात्या. त्यांनी लगेच निकाल दिला. असली जोडाजोड यंत्राला सोसत नाही, ती काढून टाका. दुपारी दुसरी एक मुलगी येणार आहे, तिला घेऊ.

"पायाचा दोष न्हाय त्यो," भूषण पुटपुटला.

"मग कुणाचा, माझा?" तात्यांनी विचारलं.

पायलने थोडा वेळ मागून घेतला. दुधाचा टँकर मोकळा होईपर्यंत, एवढं कबूल करून तात्या बाहेर गेले.

तिने आधी पायफळीच्या वायरी सोडवल्या. तरीही 'धऊध'च! म्हणजे गडबड दुसरीकडेच होती. विजयसिंहने ऑफिसच्या फोनवरून इंदापूरला मामाकडे गेलेल्या दादाला गाठलं. दादाने सांगितलं की कॉम्प्युटरला कळा दिसत नाहीत, त्याला नुसते आकडे ऐकू येतात. कळ दाबली की एक आकडा, सोडली की दुसरा. सोडल्याचा आकडा आला नाही, तर तो समजतो की कळ अजून दाबलेलीच आहे. ते आकडे पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम असलेली फ्लॉपी डिस्क त्याने ड्रॉवरमध्येच ठेवली होती.

वायरी पुन्हा जोडून त्यांनी फ्लॉपी चालवली. आत्याने फळीवर पाय दिला. ४२. पाय उचलला. १७०. दाबल्याचा आणि सोडल्याचा, दोन्ही आकडे आले.

"बघा, आपली फळी शहाणी हाय," भूषण म्हणाला.

मग पायल एकेक कळ दाबत सुटली. प्रत्येक कळ दोन आकडे देत होती. उजवी शिफ्ट मात्र एकही देईना.

"मेलीय का ती?" विजयसिंहने विचारलं.

"मेली नाही. ती आधीपासूनच दाबलेली आहे. खाली वाकून बघ, बाकीच्यांपेक्षा बसकी दिसतेय," पायल म्हणाली.

आत्याने अंबाड्यातली केसांची पिन काढून दिली. पायलने ती कळीच्या फटीत हलकेच फिरवली, तसा कुंकू लागलेला तांदळाचा दाणा टुणकन बाहेर उडाला. कळ वर आली आणि पडद्यावर आकडा पडला, १८२.

"अक्षता!" विजयसिंहने कपाळावर हात मारला. लक्ष्मीपूजनाला तात्यांनीच सगळ्या यंत्रांवर मूठ मूठ अक्षता टाकल्या होत्या. पेढे मिळवण्याच्या घाईत त्याचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

तात्या परत आले तेव्हा तो दाणा टेबलावर एका कागदावर ठेवलेला होता. तिघांनी त्यांना सगळं सांगितलं. तात्यांनी चष्मा वर करून दाणा निरखला, मग आत्यासमोर दूधपावत्यांचा मजकूर ठेवला. आत्या लिहू लागली. उजवा हात कळांवर, पाय फळीवर. पडद्यावर 'दूध' आलं, मग 'धारोष्ण', मग 'घट्ट'. एकही चूक नव्हती.

"दोष पायात नव्हता, माझ्या हातात होता," तात्या म्हणाले. "पोरांनो, मी यंत्राची पूजा केली, पण त्याला समजून घेतलं ते तुम्ही."

दुपारच्या मुलीला दूध मोजणीच्या कामासाठी बोलवा, असं त्यांनी शिपायाला सांगितलं. मग आत्याकडे वळून म्हणाले, "सारजाबाई, नेमणुकीचं पत्र टाइप करायला आत्ता तरी दुसरं कुणी नाही. तुमचं तुम्हीच करा. मी सही करतो."

आत्याने पदराने डोळे टिपले आणि फळीवर पाय ठेवला.