पायओळख

खारवडीच्या राखीव खाडीत पहारेकरी ठेवायचं केव्हाच बंद झालं होतं. कोणाला किती तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, मिळायच्या, ते आता तिसऱ्याच ठरवत.

ओहोटीला बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरत. वृषालीची टोपली बघता बघता भरे. तिची थोरली जाऊ शर्मिला कोपरापर्यंत हात खुपसायची, तर हाती नुसता चिखल. आणि वृषाली कोण? लहानपणापासून डाव्या पायाने लंगडणारी! वर सासूबाई कालवण चाखून म्हणायच्या, धाकटीच्या हाताला यश आहे. शर्मिलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी तिने खाडीवरच्या संशोधक केळुसकरबाईंना गाठलं आणि हा काय पक्षपात, म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. बाईंनी शांतपणे समजावलं. तिसऱ्यांचं हे वाण त्यांनीच तयार केलेलं. चिखलातून येणारी पावलांची थरथर त्याला कळते, आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. चालणारीने बारकी पिल्लं ओरबाडली, की तिची चाल धोक्याची ठरते; पुन्हा ती आली की सगळ्या खोल जाऊन बसतात. मोठ्या तेवढ्या वेचून पिल्लं सोडणारीसाठी मात्र त्या वरच राहतात. यालाच बाई पायओळख म्हणत.

बारकी आपण नेली होती, हे शर्मिलाला ठाऊक होतं. पण पाहुणे आले तर माणूस करणार काय?

"विसरतात कधी?" तिने विचारलं.

"विसरत नाहीत. ती आठवण पिल्लांनाही मिळते," बाई अभिमानाने म्हणाल्या. "राखण कायमची झाली."

"आणि तोंड ओळखतात?"

"डोळे कुठे आहेत त्यांना?"

झालं. शर्मिला परसात लंगडायचा सराव करू लागली. डावा पाय ओढायचा, उजव्यावर भार द्यायचा. मग एका ओहोटीला वृषाली माहेरी गेलेली बघून ती एकटीच खाडीत उतरली. तिसऱ्या बोटांना लागल्या मात्र, तिला भान राहिलं नाही. आज सासूबाई काय म्हणतात ते बघूच, म्हणत तिने बारक्या-मोठ्या सगळ्या टोपलीत भरल्या.

पुढच्या ओहोटीला दोघी बरोबर गेल्या. वृषालीने हात घातला आणि रिकामा वर काढला. पुन्हा घातला. पुन्हा रिकामाच. ती घाबरून बाईंना बोलावू लागली. बाईंनी थरथर नोंदवणारं यंत्र लावून पाहिलं आणि कोणीतरी याच चालीने पिल्लं उचलली, म्हणाल्या. शर्मिलाला राहवलं नाही. तिने रडत सगळं कबूल केलं, काही उपाय करा म्हणून हात जोडले.

बाई खाली बघत म्हणाल्या, "दुसरी चाल शिकणं, एवढाच उपाय आहे."

वृषालीने हातावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही आणखी कुणाची तरी चाल शिकाल. मला ही एकच आहे."

रिकामी टोपली उचलून ती काठाकडे निघाली. तिच्या प्रत्येक पावलासरशी चिखलाखालच्या तिसऱ्या आणखी खोल जात होत्या.