विसावी खाच

जपानमधल्या हाकोदातेच्या इस्पितळात, व्यायामाच्या खोलीबाहेर मी एका हाताने मफलरशी झगडत होते. जानेवारीत बर्फावरून घसरले, डावा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, पण हात छातीच्या वर जाईना.

"तुमचा उजवा चालतो, माझा डावा," बाकावरचा माणूस म्हणाला. "दोघांत मिळून एक धड माणूस होतो. बांधू या?"

गाठ अगदीच वेडीवाकडी बसली. मी हसले... किती दिवसांनी, कुणास ठाऊक.

तो किरियामा. माकूळ पकडणाऱ्या बोटीवर होता. दोर ओढणाऱ्या यंत्रात हात अडकून त्याचा खांदा निखळला होता. मी सायो, केस कापणारी. आई गेल्यापासून एकटी. आठवड्यातले तीन दिवस इस्पितळात बोलायचे. उरलेले चार दिवस घरात फक्त रेडिओ बोलायचा.

भिंतीवर लाकडी पट्टी होती, वीस खाचांची. बोटांनी एकेक खाच चढायची.

"अकरा? सायोसान, गोगलगायसुद्धा पुढे गेली असती."

"तुम्ही बघत राहिलात की हात लाजतो."

"मग डोळे मिटतो —" आणि एक डोळा उघडाच!

मे महिन्यात मात्र व्यायाम करून घेणाऱ्या ओनोदेराबाई त्याच्यावर उखडल्या. "मागच्या आठवड्यात सतरा, आज बारा? घरी व्यायाम करता की झोपा काढता?"

त्याने हात खाली घेतला. बाई वळल्यावर मी हळूच विचारलं, "खूप दुखतंय का?"

"नाही." तो जमिनीकडे बघत होता. "हात विसापर्यंत जातो. पण वीस झाले की इथून सुट्टी. जूनमध्ये बोट निघेल. आणि मग इथे... तुम्ही..."

 गप्प राहिले असते तर तो थांबला असता. मला तेच तर हवं होतं! पण समुद्राबद्दल बोलताना त्याचा चेहरा कसा उजळतो, ते मी पाहिलं होतं.

"वर न्या," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

त्याने हात नेला. विसावी खाच. ओनोदेराबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. "केस कापाल?"

"जानेवारीपासून कात्री धरली नाही. वाकडे कापले जातील."

"माकुळांना चालेल."

डाव्या हातात कंगवा घेऊन मी हात उचलला. तो खुर्चीत खाली सरकला, मला पोचावं म्हणून. तास लागला.

"हंगाम जानेवारीत संपतो," तो आरशातल्या मला म्हणाला. "केस वाढलेले असतील."

"केसच कापायचे असतील तर दुसरीकडे जा."

त्याचे कान लालबुंद झाले. "केसांसाठी नाही येणार... सायो." आदराचं 'सान' न लावता, पहिल्यांदाच.

हात दमला, म्हणून मी तो त्याच्या खांद्यावर टेकला. दुखरा खांदा होता तो, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू उचलला असतास."