उचललेली चिठ्ठी

‘माझ्या नणंदेला या घरातून बाहेर काढ, प्रभू!’

ताईंनी उचललेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं... आणि अक्षर भावजयीचं! साखरेच्या डब्यावरचं तेच तिरकं अक्षर!

मंडळीची रीत जुनी. दर रविवारी चर्चमध्ये प्रत्येकाने आपलं मागणं नाव न घालता लिहून पेटीत टाकायचं, दुसऱ्याचं उचलायचं, आठवडाभर त्यासाठी प्रार्थना करायची आणि पुढच्या रविवारी उभं राहून सांगायचं, केली की नाही.

सोमवार. ताईंनी केली नाही.

मंगळवार. केली, पण उलटी. ‘प्रभू, हिलाच ने!’ आईबाप गेल्यावर स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून ज्या भावाला वाढवलं, त्याच्याच घरात आपण आता अडगळ...?

बुधवार.

“ताई, माझं कपाट पुन्हा लावलंत?”

“पसारा बघवेना.”

“मग डोळे मिटा! चर्चमध्ये तासन्‌तास मिटताच की!”

गुरुवार. अबोला.

शुक्रवारी दाराआडून भावजयीचा आवाज आला. नवऱ्याला सांगत होती, “पडद्याचं कापड मी आणलं, आणि तुम्ही ताईंना विचारलंत, चालेल का! चौदा वर्षं झाली. मी या घरात पाहुणी आहे का हो?”



ताई दाराआडच थबकल्या. त्याग, त्याग म्हणून जो आयुष्यभर मिरवला, त्याच्या ओझ्याखाली ही बाई चौदा वर्षं चिरडली जात होती!

शनिवार. गुडघे टेकले. चिठ्ठी पुढ्यात ठेवली आणि तिचंच मागणं शब्दन्‌शब्द मागितलं.

रविवारी त्या उभ्या राहिल्या. “केली. उत्तरही मिळालं. पाळकसाहेब, झाडलोटीला माणूस हवंय ना? चर्चमागच्या खोलीत राहायला येते मी.”

“ताई! हे काय भलतंच?” भाऊ ओरडला. भावजयीचा चेहरा पांढराफटक.

संध्याकाळी भावजय त्या खोलीच्या दारात उभी. डोक्यावर ताईंची गादी, अंगभर घाम.

“बघत काय बसलात? हात लावा!”

दोघींनी मिळून गादी टाकली.

“किती वेळा केलीत?”

“एकदाच. पण मनापासून.”

“माझ्याच विरुद्ध मागणं, ते माझ्यासाठी केलंत...!” भावजय बोलताना चुकली, सावरायला गेली आणि हमसून हमसून रडू लागली. “तुमच्याच विरुद्ध म्हणायचं होतं हो, ताई!”

ताईंनी तिला जवळ ओढलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

“रविवारी जेवायला या,” डोळे पुसत ती फणकारली, “पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही!”

“नाही टाकणार. तुझ्या घरी आल्यावर तू बसवशील तिथं बसेन.”