बाहेरची कडी

माझ्या आठवड्याच्या सुट्टीला मी चाकणला निघाले, ते अंजलीचे शाळेचे बूट घेऊन. अंजली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गोरक्षची मुलगी. सहा वर्षांची. मे महिना संपत आला होता, सांगवीत आमच्या घराखालच्या दुकानात बूट स्वस्त लागले होते, एवढंच कारण. वेळ दुपारी साडेबाराची. भुताची गोष्ट म्हटल्यावर तुम्हाला अमावस्येची रात्र हवी असेल, तर ती माझ्याकडे नाही. डोळे दिपतील असं ऊन होतं. आणि मध्येच 'भास झाला असेल' म्हणायचं असेल, तर आत्ताच उठा. मी आधीच चिडलेली आहे.

गोरक्षची बिल्डिंग तळेगाव रस्त्याला, कंपन्यांच्या मागे आहे. दुपारी जिन्यात चिटपाखरू नसतं. पहिली शिफ्ट कामावर गेलेली, रात्रपाळीवाले झोपलेले. कुठल्यातरी कंपनीतल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा धप्प... धप्प आवाज तेवढा भिंतीतून येत राहतो. चौथ्या मजल्यावर पोचले तर दाराला बाहेरून कडी, आणि कडीला हे एवढं कुलूप. कोणी घरी नाही म्हणून मी वळले. तेवढ्यात मला चुलीच्या धुराचा वास आला. ओल्या बाभळीच्या लाकडाचा. चौथ्या मजल्यावर चूल कोण पेटवणार?

"आत्या?"

आवाज दाराच्या आतून आला. खालून, जमिनीलगतच्या फटीतून.

"अंजली? तू आत आहेस?"

"हो ना. पप्पा लॉक करून जातात. मम्मीची पण शिफ्ट असते."

"रोज?"

"सुट्टी लागल्यापासून रोज."

माझ्या कपाळाची शीर तडतडायला लागली. तरी आवाज खाली ठेवून विचारलं, "एकटी बसतेस होय गं दिवसभर?"

"न्हाई," ती म्हणाली. "पणजी हाय की."

अंजली इंग्रजी शाळेत जाते. 'न्हाई' आणि 'हाय की' तिच्या तोंडी मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्या घरात असं बोलणारं एकच माणूस होतं, आमची आजी, कुशाबाई. आणि ती दोन वर्षांपूर्वी याच दाराच्या आत मेली.

आता आजीबद्दल सांगते, म्हणजे मी का चिडते ते कळेल. मला तिनंच वाढवलं. सातवीनंतर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी शाळा बंद करायचं ठरवलं, तेव्हा ती दोन दिवस उंबऱ्यावर बसून राहिली. अन्न नाही, पाणी नाही. दादा वह्यापुस्तकं घेऊन आले तेव्हा उठली. चाकणच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं कांद्याच्या मापात हात मारला, तर तिनं अख्खं पोतं रस्त्यावर ओतलं आणि त्याला म्हणाली, "येच आता एकेक." राग कसा करावा हे मला तिनं शिकवलं. म्हणायची, "चिडावं गं बये, पर उपाशीपोटी न्हाई. आदी भाकर खा, मंग भांड." अजूनही भांडणाआधी मी चार घास खाते. त्या दिवशी मात्र खाल्लं नव्हतं.

तिनं मला एकदाच मारलं. मी आठ वर्षांची असेन. गोरक्षला गमतीनं धान्याच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. आजी शेतातून आली, आधी कडी काढली आणि मग माझ्या कानशिलात दिली. म्हणाली, "जित्या मानसावर भाईरनं कडी घालू न्हाई. कडी घातली की घर सोताला रिकामं समजतं."

आणि हीच बाई म्हातारपणी घर सोडून जायला लागली. आमचा मळा शोधत. मळ्याच्या जागी आता कंपनीची भिंत आहे. दोनदा तिथल्या वॉचमननं तिला आणून सोडलं. मग गोरक्ष आणि त्याची बायको तेजल कामाला जाताना तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायला लागले. मे महिन्यातच एकदा वीज गेली, टाकीतलं पाणी संपलं. समोरच्या फ्लॅटमधली सुरय्या माहेरी गेली होती. वरच्या-खालच्यांनी दार वाजताना ऐकलं, पण म्हातारी रोजच वाजवते म्हणून कोणी आलं नाही. गोरक्ष साडेतीनला आला तेव्हा ती दाराशी पडली होती. अंघोळ घालताना मी तिचे तळहात पाहिले. ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं मला फोन केला होता. "अने, मला कोंडत्यात गं." मी कंपनीत असेंब्ली लाइनवर कामाला उभी होते, सुपरवायझर बघत होता. मी म्हणाले, "आजी, तुझ्याच भल्यासाठी आहे," आणि फोन ठेवला.

तर आता कळलं असेल, त्या दारासमोर उभं राहून मी गोरक्षला फोनवर काय काय बोलले असेन. तो शिफ्ट अर्धी टाकून अर्ध्या तासात आला. युनिफॉर्ममध्येच. चोराच्या उलट्या बोंबा सुरू.

"ताई, कशाला तमाशा करतेस बिल्डिंगमध्ये?"

"तुला लाज वाटत नाही? आजीच्या नंतर याच दाराला पुन्हा कुलूप?"

"खाली दिवसभर कंटेनर पळतात. मोकळी सोडू का पोरगी? तिच्याच भल्यासाठी आहे ना!"

आवाज ऐकून सुरय्यानं समोरचं दार उघडलं. "ताई, मी भाऊंना सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "पोरगी माझ्याकडं सोडा म्हणलं. आतनं दोघींचा आवाज येतो... म्हणून सांगितलं होतं."

गोरक्षनं तिच्याकडे पाहिलंही नाही. कुलूप काढलं. अंजली बाहेर आली. तिचे केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, दोन घट्ट वेण्या, टोकाला लुगड्याच्या काठाच्या चिंध्या. तेजल पहाटे पाचला घर सोडते. वेण्या घालायला तिला वेळ कुठला?

"कुणी घातल्या?" मी विचारलं.

"तिनंच," अंजली म्हणाली आणि मागे न बघता सुरय्याच्या घरात गेली.

"मी दाखवतो तुला कोण आहे ते," गोरक्ष ओरडला. कुलूप आणि किल्ली त्यानं पँटच्या खिशात टाकली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो तरातरा आत गेला. खोलीतून खोलीत जाताना त्याचे बूट वाजत होते. "कोणी नाही! बघ, ये आत, कोणी नाही!"

दार लागलं. आपटलं नाही. म्हातारं माणूस लावतं तसं सावकाश लागलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर बाहेरची कडी सरकली... आणि त्यात कुलूप होतं. बंद.

"ताई, उघड! थट्टा करू नकोस!"

खरं सांगते, मला बरं वाटलं. भीती नंतर. आधी बरं वाटलं. तो दार ठोकत होता आणि मी भिंतीला टेकून उभी होते. सुरय्या म्हणाली, "मी शौकतला बोलावते." शौकत तिचा नवरा, खाली त्याचं गॅरेज आहे. मी तिला म्हणाले, "थांब जरा."

दाराच्या फटीला तोंड लावून मी म्हणाले, "गप बस गोरक्ष. तुझ्याच भल्यासाठी आहे."

ठोकणं थांबलं. धुराचा वास वाढला. आत कोणीतरी कमरेवर हात ठेवून चालावं तशी पावलं आली, दारापर्यंत. मग गोरक्षचा आवाज, एकदम लहान झालेला. "ताई... ताई, ती म्हणतेय बस म्हणून..."

त्यानंतर काहीच नाही. मी हाक मारली, दार वाजवलं, कुलूप ओढून पाहिलं. आता मी रडत होते. "आजी, सोड त्याला," मी म्हणाले. "मीही तेच बोलले होते गं. मी पण." मग सुरय्याकडे वळून ओरडले, "बोलाव शौकतला!"

शौकत ग्राइंडर घेऊन धावत आला. ठिणग्या जिन्यात उडाल्या. कुलूप तुटून खाली पडलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं. गोरक्ष आत गेल्याला वीस मिनिटं झाली होती.

तो दाराशीच बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ फुटून पापुद्रे सुटले होते. युनिफॉर्म अंगावर लोंबत होता. सकाळी दाढी करून शिफ्टला गेलेल्या माझ्या भावाच्या तोंडावर बोटभर दाढी वाढली होती आणि त्यात पांढरे केस होते. शौकतच्या हातून ग्राइंडर खाली पडला.

मी त्याला धरलं. त्याला उजेड सहन होत नव्हता. सुरय्यानं पाणी आणलं, ते तो दोन्ही हातांनी प्यायला, एक थेंब सांडू न देता.

"ताई," तो म्हणाला. "आज वार कोणता?"

"मंगळवार."

त्यानं स्वतःच्या दाढीवरून हात फिरवला.

"कोणता मंगळवार?"