कुशाबाईच्या फोनातला मेसेज

इहिरीवरच्या मोटारीची लाईट बारा वाजता येणार हाय, तवर झोपायचं न्हाय. सौरभ, तो मोबाईल खिशात घाल आधी. राजलक्ष्मी, तू शेकोटीच्या अंगाला सरक. भुताची गोष्ट पायजे म्हणता व्हय? सांगतो. पण ही ऐकीव न्हाय बरं का. ज्याच्यावर बेतली त्यानं माझ्या ओसरीवर बसून सांगितलीय, रडत रडत.

इंद्रजित गुरुजी. पळसदेवच्या पुढं, उजनीच्या पाण्याला लागून एक वस्ती हाय, तितल्या शाळंवर व्हते. वस्तीचं नाव इचारू नका, सांगणार न्हाय. माणूस चांगला, पण डोक्याला एकच घोर, पटाचा. शाळंत पोरं इनमिन वीस. एक जरी कमी दिसलं तर शाळा बंद करत्याल आन बारकी पोरं लांबच्या शाळंला धाडत्याल, ही धास्ती.

शाळंत नवा फळा आला व्हता, इजेवरचा. खडू न्हाय, डस्टर न्हाय. एक जाडजूड पेन, ते टेकवलं की रंगीत अक्षर उमटतं. सकाळी फळ्यावर पोरांची नावं यायची. एकेक पोरगं यायचं आन आपल्या नावापुढं पेनानं बरोबरची खूण करायचं. खूण झाली की त्याच्या घरच्या फोनवर मेसेज जायचा, पोर शाळंत हजर. खूण न्हाय तर मेसेज न्हाय.

कुशाबाईची नात त्या शाळंत चौथीला. संस्कृती तिचं नाव. आईबाप लांब कंपनीत कामाला, पोर आजीपाशी. म्हातारीला वाचता येत न्हाय. गुरुजींनीच तिला शिकवलं व्हतं, "मावशी, अकराच्या सुमाराला फोन वाजला की समजायचं, पोर शाळंत पोचली." मग म्हातारी खुरपता खुरपता कान देऊन असायची. फोन वाजला की निवांत पुढची पात धरायची.

गुरुजींची एक खोड व्हती. पोरांच्या खुणा झाल्या की न आलेल्यांच्या नावापुढं सोता खूण करायचे. पट भरलेला दिसाया पायजे ना! कुणाचं काय जातंय, असं वाटायचं त्यांना.

वीस जानेवारी, सोमवार. संस्कृती आली न्हाय. गुरुजींनी खूण केली. कुशाबाईचा फोन वाजला.

पोर शाळंलाच निघाली व्हती रं. पाण्याकडच्या वाटंनं येताना पाय घसरला. मासं धरणारे जाळी बांधायला बांबू रोवत्यात ना, त्याला धरून व्हती. दुपारपत्तूर जिती आसावी, असं तिला पाण्यातनं काढणारे म्हणाले. पण हुडकणार कोण? पोर तर शाळंत हजर! सांजच्याला घरी आली न्हाय तवा बोंब उठली. पाठीवर दप्तर तसंच व्हतं.

गुरुजींना इचारलं. माणूस घाबरला. म्हणाला, "आली व्हती. मधल्या सुट्टीत पळाली." साफ खोटं! आन ती म्हातारी दोन महिनं दारात बसून मेलेल्या पोरीलाच बोल लावत व्हती, "शाळा बुडवून पाण्याव गेलीस गं, भवाने..." आमच्यानं ऐकवत नव्हतं.

मग आला गुढीपाडव्याच्या आधीचा शुक्रवार. अठ्ठावीस मार्च. दुसऱ्या दिवशी साहेब शाळा बघाया येणार, आन पेन बिघडल्यालं. टेकवावं हितं तर अक्षर उमटायचं तितं. त्या दिवशी दिवसा लाईट न्हवती, म्हणून गुरुजी रातच्याला अकरा वाजता पेन जुळवायला गेले. एकटेच.

जुळवायची रीत सोपी हाय. फळ्यावर एकेक फुली येती. तिच्यावर पेन टेकवलं की ती जाती, दुसरी येती. गुरुजींनी वरची फुली टेकवली. गेली. दुसरी टेकवली. गेली. मग खालच्या फुलीसाठी वाकले...

फुली आधीच गेली.

पेन त्यांच्या हातात.

खाली दुसरी आली. गेली. तिसरी आली... गेली. मग एक वरच्या कोपऱ्यात आली. तितंच थांबली. हलंना.

"आबा... वर हात पुरत नसंल."

गप बस, सौरभ. मीबी तेच म्हणलो व्हतो गुरुजींना.

मग नावं आली. गुरुजींनी काढली न्हवती. वर तारीख, वीस जानेवारी. वीस नावं. वीस खुणा. आन संस्कृतीच्या नावापुढची खूण पुसाया लागली... हळूहळू. पाटी बोटानं पुसावी तशी.

गुरुजींनी काय करावं? पेन टेकवून परत खूण केली! बघा माणसाची जात. म्होरं भूत, आन ह्याला पट दिसतोय.

पुसली.

परत केली.

पुसली...

खाली बघितलं. फळ्यापाशी फरशी वली. दोन पावलं मावतील एवढीच.

गुरुजींनी भिंतीतली पिन उपसली. घड्याळात साडेअकरा. फळा इझाया पायजे व्हता.

न्हाय इझला.

पळाले. पण पाय घराकडं वळंनात. थेट कुशाबाईच्या दारात गेले. म्हातारी उंबऱ्यात बसल्याली. हातात फोन. तोंडावर त्याचा उजेड.

"बरं झालं आलात गुरुजी. आत्ताच वाजला. दोन महिनं वाजला न्हवता... वाचा की. काय म्हणती पोर?"

गुरुजींनी फोन घेतला. मेसेज परत परत बघितला.

"वाचा की ओ..."

"संस्कृती... आज शाळेत... आलेली नाही."

 मग गुरुजींनी तिचं पाय धरलं आन सगळं सांगितलं. खूण कुणी केली, खोटं कोण बोललं, सगळं. म्हातारी रडली न्हाय, वरडली न्हाय. एवढंच म्हणाली, "म्हंजी माझी पोर पळाली न्हवती."

सकाळी गुरुजींनी साहेबाला तसंच लिहून दिलं. पोरीचं नाव दोन महिनं पटावरनं काढलं न्हवतं, ते काढलं, पट एकोणीस झाला. शाळा गेली. ज्याला भ्याले तेच झालं.

फळा बसवणारा माणूस सामान न्यायला आला, तवा मी त्याला इचारलं. तो म्हणाला, "आबा, पोर आली तरच मेसेज जातो. न आल्याचा मेसेज ह्यात घातलेलाच न्हाय."

पण तो हाय. कुशाबाई दारात येईल त्याला फोन देती आन वाचून दावा म्हणती. मीबी दावलाय वाचून. वर टाईम हाय, रात्रीचं अकरा बत्तीस. पिन उपसून दोन मिनटं झाली व्हती.