तुळसाबाईचा रेडिओ

लाइट गेली की या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात, मेणबत्ती आणि रामरावकाकांच्या गोष्टीतलं भूत. काका म्हणजे माझे चुलत सासरे. मी नवी सून, म्हणून माझी जागा दाराच्या चौकटीशी. दीर प्रज्वल आणि नणंद ज्योत्स्ना त्यांच्या खाटेपाशी.

"हे माह्या दोस्ताचं हाय, बनावट नाही," काका म्हणाले. "कामरगावचा शेषराव, रेडिओ दुरुस्तीवाला. गेल्या सालच्या पोळ्याची कर. दिवस बुडता तो इंझोरीले गेला, तुळसाबाईचा रेडिओ वापस द्याले."

"आता रेडिओ कोन आयकते, काका?" प्रज्वल हसला.

"तुया मोबाइलात नाही येत ते त्याच्यात येते. अंधार पडला का मुंबईचं केंद्र लागे. नुसत्या गप्पा. लोकं फोन करत, हरवलेल्या मानसाईची नावं सांगत. तुळसाबाईचा एकुलता पोरगा करण तिकडंच सिमेंटच्या कामावर गेलता. फोन बंद. ठेकेदार म्हने, मले माहीत नाही. बाईनं नाव कळवलं. तिची पाळी याच्या आंधी केंद्रानं गप्पाच बंद केल्या. रातभर मशीनवरची गानी. तरी बाई रोज लावे. म्हने, 'माह्या लेकाचं नाव वाचाचं राह्यलं, असे कसे बंद करतीन?'"

प्रज्वल हसायचा थांबला.

"मुंबई लागते का पाहाले शेषराव थांबला. दाराची कडी लावली, मच्छर लय होते. रेडिओ आडवा धरला. गानं लागलं. मंग गानं थांबलं. नुसती खरखर... अन आतून, 'माय.'"

ज्योत्स्ना सरकत माझ्यापाशी आली.

रात्री हाक आली तर तिसरीलाच ओ द्यायची, हे माझ्या माहेरीही आहे. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं. तिसरी जित्याची.

"तुळसाबाईनं तोंडात पदर कोंबला. ओ नाही देल्ली. ...'माय.' दुसरी. तिनं बोट वर केलं. थांब, तिसरी येऊ दे. ...अन शेषराव भेला. त्यानं सेल उपसले."

"मंग?"

"बाई त्याच्या हाताले झोंबली. 'टाक भाऊ, सेल टाक! तिसरी राह्यली! जिता हाय का मेला, आता मी कोनाले विचारू?' झोंबाझोंबीत याच्या हातून एक सेल घरंगळला. अंधारात सापडे ना. ...तेवढ्यात दार वाजलं. एकदाच."

मेणबत्ती तडतडली. कोणी हललं नाही.

"ती उठली. यानं कवटाळलं तिले. तोंड दाबलं. ओ देऊ देल्ली नाही... उजाडेपर्यंत. दार पुन्हा वाजलं नाही."

ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "दार वाजलं, ते तिसरीच झाली ना, काका?"

काकांनी मेणबत्तीची काजळी मोडली.

"सकाळी दार उघडलं. बाहेरच्या अंगानं फळीवर हाताचा पंजा. सिमेंटचा. मी परवा जाऊन सोता पाह्यला. सिमेंट एका दिवसात दगड होते, पोरीहो. वरीस होत आलं...

"तो अजून ओला हाय."