सोशिक माणूस

"वेदना नुसती तोडून टाकली, तर माणूस थेट मरणापर्यंत चालत जाईल," तळावरच्या प्रयोगशाळेत डॉ. भालेकर ईशानीला म्हणाले होते. "म्हणून ती तोडायची नाही, वळवायची. दुसऱ्याच्या मेंदूत पायांची जी जागा असते, ती तुमच्या पायांना द्यायची. कळ त्याला येईल. तो उबेत बसून दहापैकी आकडा सांगेल. सहा म्हणाला की थांबायचं, पाय शेकायचे."

"बुटात तापमापक बसवला तर?"

"तो बुटाची थंडी सांगेल. मांस कुठवर तग धरतंय, ते नसांनाच कळतं."

या वेदनांतरणासाठी त्यांनी तिच्या नवऱ्यालाच निवडलं. श्रीरंग भलताच सोशिक. मूतखडा घेऊन दोन दिवस कचेरीत बसला होता पठ्ठ्या, घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्याच्याहून भक्कम माणूस आणायचा कुठून?

आज नववा दिवस. झांस्करच्या बर्फातून एकटीने दोनशे किलोमीटर चालायचे होते; सत्तावीस उरले होते. उणे एकतीस तापमान. पावलं पडताहेत एवढं ईशानीला नुसतं दिसत होतं. पहिल्या दिवशी याची गंमत वाटली होती. आता कशाचंच काही वाटत नव्हतं. डोंगर सुंदर होते, असतील बापडे.

दर अर्ध्या तासाला कानातल्या यंत्रात श्रीरंगचा आवाज यायचा. कालपासून आकडा एकच होता, चार.

दुपारी मात्र तो चक्क हसत बोलला. "ईशू, शून्य! मघापासून काही म्हणजे काही जाणवत नाहीये. चाल बिनधास्त."

ती दहा पावलं चालली आणि थबकली. उणे एकतीसमध्ये शून्य?

"त्याआधी किती होतं?"

"चारच."

"खरं सांग, श्रीरंग."

"नऊ," तो म्हणाला. "काल दुपारपासून. अगं, मला सोसत होतं. आठ वर्षं तू या वाटेसाठी झटलीस. माझ्या तोंडून सहा निघेना."

"चूक माझी," भालेकरांचा आवाज मध्येच आला. "ओरडणारा माणूस निवडायला हवा होता. ईशानीताई, हेलिकॉप्टर निघतंय. शून्याचे दोनच अर्थ होतात. तुमच्या नसा मेल्या, नाहीतर यांच्या मेंदूने ऐकणं सोडलं."

दोष तरी कुणाला द्यायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. राग यायला हवा होता, तोही आला नाही. ती बर्फात बसली.

"जोडणी तोडा. माझे पाय मला परत द्या."

"नसा जिवंत असतील तर सगळं एकदम येईल. सोसवणार नाही."

"येऊ द्या."

आधी काहीच आलं नाही. तिने मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजले. आणि मग डाव्या टाचेतून कळ उठली, पाठोपाठ उजवीतून, उकळतं तेल ओतावं तशी. ईशानी किंचाळली, बर्फात गडबडा लोळली, ओक्साबोक्शी रडली. इतका आनंद तिला गेल्या नऊ दिवसांत झाला नव्हता.

"आहेत! श्रीरंग, दुखताहेत! दोन्ही दुखताहेत!"

उत्तराऐवजी तिकडून धपकन काहीतरी पडल्याचा आवाज आला. खुर्च्या सरकल्या.

"उठू नका, पडून राहा," भालेकर घाईघाईने म्हणत होते. "ही टाचणी तुमच्या तळव्याला लावतोय. टोचतेय? आणि आता?"

"लावा ना, डॉक्टर," श्रीरंग म्हणाला. "मी वाट बघतोय."